तारांगण आणि पटांगण : माध्यमिक विद्यार्थ्यांना खगोलशास्त्र शिकवण्याची एक पद्धत

जूनच्या पहिल्या आठवड्यात नववीच्या वर्गात "मिरग कधी लागतो?" असे विचारले, तर गोव्यातील सत्तरी, डिचोली किंवा पेडण्याकडच्या एखाद्या मुलाकडून "सात-आठ तारखेला" हे उत्तर हमखास येते, कारण घरात आजी-आजोबांच्या बोलण्यात ते असतेच. "मग आज रात्री मृग नक्षत्र आकाशात कुठे दिसेल?" असा दुसरा प्रश्न टाकला की वर्ग शांत होतो. कोणीतरी ढगांचे कारण पुढे करतो. ढग नसते तरी मृग दिसला नसता, कारण त्या दिवसांत सूर्यच मृगाच्या शेजारी असतो आणि मृग सूर्याबरोबर उगवून सूर्याबरोबरच मावळतो. ही गोष्ट फळ्यावरील आकृतीने समजावण्याचा मी अनेक वर्षे प्रयत्न केला आणि ती बहुतेक मुलांपर्यंत पोहोचली नाही. तारांगणात मात्र ती दोन मिनिटांत दिसते. दहा जूनची दुपार लावायची आणि दिवसाचा उजेड तेवढा काढून टाकायचा. सूर्य तसाच राहतो, भोवतीचे आकाश काळे होते, आणि त्याच्या एका बाजूला रोहिणी व दुसऱ्या बाजूला मृगाची चौकट उमटते. "सूर्य मृगात" या शब्दांचा अर्थ मुले त्या क्षणी डोळ्यांनी वाचतात.

तारांगणाचे खरे सामर्थ्य येथे आहे, आणि नेमका याच सामर्थ्याचा उपयोग शाळेच्या सहलीत सहसा होत नाही. मी पहिल्यांदा आठवीच्या ऐंशी मुलांना घेऊन गेलो, तेव्हा मुले आनंदाने परतली. परंतु पुढच्या आठवड्यात ध्रुवतारा आपल्या शाळेतून कुठे दिसेल याचे चित्र काढायला सांगितले, तर निम्म्याहून अधिक मुलांनी तो डोक्यावर काढला. कार्यक्रमात काही उणे नव्हते. मी मुलांना कोणताही प्रश्न न देता आत नेले होते आणि बाहेर आल्यावरही काही विचारले नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक भेट तीन भागांत बांधतो : आधी पटांगणावर मोजमाप, मग घुमटाखाली भाकीत, आणि शेवटी खऱ्या आकाशात त्या भाकिताची तपासणी. पुढील मांडणी याच क्रमाने केली आहे.

आधी प्रश्न निवडावा

एका भेटीत एकच मुख्य प्रश्न घ्यावा, फार तर त्याला जोडून दुसरा. घुमटाखाली चार गोष्टी उत्तम शिकवता येतात : ताऱ्यांची रोजची फेरी, अक्षांश बदलला की आकाशात होणारा बदल, ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्याचा वर्षभराचा प्रवास, आणि रोज पुढे सरकणारा चंद्र. या चारही गोष्टींत काळ किंवा जागा भरभर बदलावी लागते, आणि खऱ्या आकाशाला ते सांगता येत नाही.

काही गोष्टी घुमटाखाली उलट बिघडतात. सगळे तारे एकाच पडद्यावर असल्यामुळे ते आपल्यापासून सारख्याच अंतरावर आहेत असा समज पक्का होतो. व्याध आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षांवर, तर कृत्तिकांचा पुंजका सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर आहे, हे नंतर वर्गात वेगवेगळ्या लांबीचे दोरे टांगून दाखवावे लागते. चंद्राच्या कला का होतात यासाठीही अंधाऱ्या खोलीतील एक दिवा आणि प्रत्येक मुलाच्या हातातील पांढरा चेंडू यांना पर्याय नाही. "पृथ्वीच्या सावलीमुळे कला होतात" हा चुकीचा समज चेंडू हातात धरून स्वतःभोवती फिरल्यावरच जातो.

माझ्या अनुभवात आठवीसाठी दिशा आणि ताऱ्यांची रोजची फेरी, नववीसाठी सूर्य आणि नक्षत्रे, आणि दहावीसाठी अक्षांश व अयनचलन (पृथ्वीच्या आसाचे सावकाश फिरणे) ही वाटणी सोयीची ठरते. हा काही नियम नव्हे. ज्या वर्गाने कधीच आकाश पाहिलेले नाही, त्याला दहावीतही दिशांपासूनच सुरुवात करून द्यावी.

गोव्याचा पाऊस लक्षात घेऊन आखणी

जून ते सप्टेंबर या काळात गोव्यात रात्रीचे आकाश जवळजवळ मिळतच नाही. अनेक शिक्षक म्हणूनच खगोलशास्त्राचा भाग दिवाळीनंतर घेतात आणि तारांगणाची भेटही डिसेंबरातील सहलीला जोडून टाकतात. मला हा क्रम उलटा वाटतो. पावसाळा हा घुमटाचा काळ आहे आणि दिवाळीनंतरचा काळ आकाशाचा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तारांगणात भाकीत करून ठेवले, तर डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या, स्वच्छ रात्री ते तपासण्यासाठी मोकळ्या राहतात. सहलीचा आणि अभ्यासाचा दिवस एक करू नये, हेही आग्रहाने सांगावेसे वाटते. जुन्या गोव्यातील चर्च, मंगेशी आणि समुद्रकिनारा पाहून दमलेली मुले घुमटाच्या अंधारात झोपतात.

तारांगणाशी आधी बोलणे

गोव्यातील शाळांसाठी मिरामार येथील गोवा विज्ञान केंद्र आणि तारांगण हे पहिले ठिकाण होय. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या अखत्यारीतील हे केंद्र समुद्राला लागून असल्यामुळे त्याच भेटीत सूर्यास्ताचे निरीक्षणही जोडता येते. बालरथ (शाळेची बस) ठरवण्याच्या आधी दूरध्वनी करून चार गोष्टी विचाराव्यात : नेहमीच्या चित्रफितीखेरीज निवेदक समोर बसून आकाश दाखवतो का, त्याला पणजीचे अक्षांश व आपण सांगू ती तारीख लावता येईल का, निवेदन कोणत्या भाषेत असेल, आणि मध्ये थांबून मुलांशी बोलण्यास आपल्याला पाच-दहा मिनिटे मिळतील का. शिक्षकाने आपला एक पानाचा आराखडा आधी पाठवला तर निवेदकाचे कामही सोपे होते, कारण ऐनवेळी तारखा व ठिकाणे शोधण्यात वेळ जात नाही.

आजचे बहुतेक घुमट डिजिटल असतात आणि त्यांत पृथ्वी सोडून शनीच्या कड्यांपर्यंत उड्डाण करता येते. १९२३ मध्ये म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमसाठी त्साइस कंपनीच्या वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी घडवलेल्या प्रक्षेपकाला ते शक्य नव्हते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला आकाश जसे दिसते तेवढेच तो दाखवत असे. शिकवण्याच्या दृष्टीने ती मर्यादा गुणाची होती. निवेदकाला विनंती करावी की पहिली पंचवीस मिनिटे आपण गोव्याच्या जमिनीवरच उभे राहू आणि उड्डाण शेवटी करू.

प्रवास शक्य नसेल तर हवेने फुगवायचा फिरता घुमट शाळेत मागवता येतो. साधारण ५ मीटर व्यासाच्या घुमटात २५ ते ३० मुले जमिनीवर बसतात, आणि त्यासाठी निदान ४ मीटर उंचीचे, पंखे आड येणार नाहीत असे सभागृह लागते. आमच्याकडे एका जुलैत असा घुमट लावला असता मध्येच वीज गेली, हवा भरणारा पंखा थांबला आणि कापड हळूहळू खाली येऊ लागले. कापड हलके असते, त्याने इजा होत नाही. पण अंधारात दोन मुली घाबरून रडू लागल्या आणि बाकीची मुले एकाच वेळी तोंडाकडे धावली. त्यानंतर मी तीन गोष्टी कधी चुकवत नाही : पंख्याला इन्व्हर्टरची जोड, दाराशी बॅटरी घेऊन बसलेला एक शिक्षक, आणि कार्यक्रम सुरू होण्याआधी रांगेने बाहेर पडण्याची एक तालीम.

तिसरा मार्ग स्वतःचा घुमट उभारण्याचा आहे. स्टेलॅरियम ही आकाश दाखवणारी संगणकप्रणाली मोफत मिळते, आणि बहिर्वक्र आरशावरून घुमटावर चित्र पाडण्यासाठी लागणारी सोय तिच्यात आहे. वर्गातील साधा प्रोजेक्टर व वळणावर लावतात तसा गोल आरसा एवढ्यावर हे साधते. यासाठी चिकाटी लागते, परंतु शाळेत तारांगण ही कल्पना आपल्याकडे नवी नाही : पुण्यात टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलच्या आवारात १९५४ पासून तारांगण आहे.

भेटीआधीचे दोन तास

पहिला तास पटांगणावर घ्यावा. हात पूर्ण ताणून मूठ आडवी धरली की ती आकाशाचा सुमारे १० अंशांचा भाग झाकते. करंगळी सुमारे १ अंश. उंच मुलाची मूठ मोठी असते, पण त्याचा हातही लांब असतो, त्यामुळे हे माप जवळजवळ सर्वांना लागू पडते. खात्रीसाठी प्रत्येकाने क्षितिजापासून मुठीवर मूठ रचत थेट डोक्यावर जावे. नऊ मुठी भरल्या की हात बरोबर आहे. ज्याच्या आठ किंवा दहा भरतात, त्याने पुन्हा रचावे. नाहीतर आपले माप किती कमी-जास्त येते ते वहीत लिहून ठेवावे. हे दहा मिनिटांचे काम आहे, मात्र पुढचे सारे निरीक्षण त्याच्यावर उभे असल्याने ते घाईने उरकू नये.

त्याच तासात एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करून दुपारच्या सावलीचे टोक दर पाच मिनिटांनी खडूने टिपावे. गोव्यातील बऱ्याच शाळा सकाळच्या असल्या तरी हे जमते, मात्र आपली मध्यान्ह घड्याळाच्या बारा वाजता नसते हे लक्षात ठेवावे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि पणजी सुमारे ७३.८ अंशांवर, एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपल्याकडे सूर्य सरासरी ३५ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. वर्षभरात ही वेळ बदलते : नोव्हेंबरच्या आरंभी साधारण १२ वाजून १८ मिनिटे, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४९ मिनिटे. सर्वांत आखूड सावलीची रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. जूनअखेरीस उघडीप मिळाली तर ही संधी मुळीच दवडू नये, कारण तेव्हा मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो आणि एक मीटर काठीची जेमतेम १४ सेंटिमीटरची सावली दक्षिणेला पडते. डिसेंबरअखेरीस त्याच काठीची सावली उत्तरेला ८० सेंटिमीटरपर्यंत लांबते. "सूर्य उत्तरेला कसा?" हा प्रश्न मुलांच्या तोंडून येऊ द्यावा, उत्तर तारांगणात मिळणार आहे.

दुसरा तास वर्गातील आहे, आणि पावसाळ्यात प्रत्येक मुलाजवळ असणारी काळी छत्री हेच त्याचे साधन. उघडलेल्या छत्रीच्या आतल्या बाजूला, दांडा जेथे कापडाला भिडतो तेथे ध्रुवतारा मानावा. त्याच्या एका बाजूला खडूने सप्तर्षींचे सात ठिपके आणि बरोबर समोरच्या बाजूला शर्मिष्ठेचे पाच ठिपके काढावेत. छत्रीचे टोक उत्तरेकडे करून दांडा जमिनीशी सुमारे १५ अंशांचा कोन करील असा धरावा, कारण पणजीचा अक्षांश १५.५ अंश आहे. आता दांडा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने हळूहळू फिरवला की सप्तर्षी चढतात, शर्मिष्ठा उतरते, आणि क्षितिज म्हणून समोर आडव्या धरलेल्या पुठ्ठ्याखाली एकेक तारा जाताना दिसतो. ज्या मुलांना कमी दिसते, त्यांच्यासाठी ठिपक्यांच्या जागी मणी शिवावेत. बोटांनी चाचपून ती मुलेही फेरी समजून घेतात.

नावांची तयारीही याच तासात व्हावी. माध्यमिक वर्गांत विज्ञान बहुधा इंग्रजीतून येते, घरी मूल कोकणी बोलते, आणि नक्षत्रांची नावे त्याला पंचांगातून मराठीत माहीत असतात. निवेदक ओरायन म्हणाला तर तो आपलाच मृग, अल्डेबरन म्हणजे रोहिणी, सिरियस म्हणजे व्याध, कॅनोपस म्हणजे अगस्ती, प्लेयडीज म्हणजे कृत्तिका, हे मुलांना आधी ठाऊक हवे. नाहीतर तोच तारा त्यांना दोनदा शिकावा लागतो. बारा-पंधरा नावे पुरेत.

घुमटाखाली

मुले बसली की पणजीचा सूर्यास्त लावून घ्यावा आणि चार दिशांची अक्षरे क्षितिजावर उमटवून घ्यावीत. पहिली पाच मिनिटे शक्य तितके कमी बोलावे. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, तेव्हा आत शिरताना मोबाइल पिशवीतच राहायला हवेत. ज्यांना भोवळ येते त्यांना कडेला बसवावे आणि आकाश वेगाने फिरू लागले की डोळे मिटून घेण्यास सांगावे.

मग वेळ वाढवून एक पूर्ण रात्र तीन मिनिटांत पाहावी, तीही दोनदा. पहिल्यांदा सर्वांनी पूर्वेकडे बघावे : गोव्यात तारे जवळजवळ उभे चढतात, किंचित उजवीकडे कलून. दुसऱ्यांदा उत्तरेकडे बघावे, म्हणजे छत्री आठवते. आकाश फिरते की आपण, हा प्रश्न येथेच विचारावा. आर्यभटाने इ. स. ४९९ मधील आपल्या ग्रंथात दिलेला दृष्टान्त गोव्यातील मुलांसाठी जणू घरचाच आहे : पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरची स्थिर झाडे मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने गेलेल्या मुलाला याहून अधिक काही सांगावे लागत नाही.

पुढचे काम ध्रुवताऱ्याची उंची मोजण्याचे. दीड मूठ भरायला हवी, परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे : घुमटातील कोन मध्यभागी बसलेल्यांनाच बरोबर मिळतात, कडेच्या मुलांना तीच उंची कमी-जास्त भासते. मोजणी मधल्या मुलांनी करावी, क्षितिज म्हणून पडद्यावर दाखवलेली रेषाच घ्यावी, आणि कडेच्या मुलांची उत्तरे वेगळी का आली याचा विचार वर्गासाठी राखून ठेवावा. यानंतर निवेदकाला उत्तरेकडे प्रवास करायला सांगावे. श्रीनगरला ध्रुवतारा जवळजवळ साडेतीन मुठींवर जातो आणि सप्तर्षींतील ध्रुवाकडे बोट दाखवणारे दोन तारे तेथे कधीच मावळत नाहीत. गोव्यात ते मावळतात. उलट आपल्याला दक्षिणेला दोन मुठींच्या किंचित वर चढणारा अगस्ती श्रीनगरहून जेमतेम क्षितिजाला टेकतो. ध्रुवाची उंची म्हणजेच अक्षांश, हे वाक्य शिक्षकाने उच्चारू नये. दोन-तीन ठिकाणांचे आकडे झाले की ते मुलेच बोलतात.

सूर्य आणि मृगाचा प्रसंग यानंतर घ्यावा. दहा जून, दुपारी साडेबारा, स्थळ पणजी. आधी सूर्य डोक्याच्या उत्तरेला आहे हे दाखवावे, म्हणजे पटांगणावरची दक्षिणेकडे पडलेली सावली मुलांना आठवेल. मग उजेड काढून टाकावा. मुलांना तारे ओळखू द्यावेत, "सूर्य कोणाच्या शेजारी आहे?" एवढेच विचारून थांबावे. येथे मी मनातल्या मनात दहा अंक मोजतो, कारण उत्तर देण्याचा मोह शिक्षकालाच अधिक होतो. त्यानंतर तीच तारीख ठेवून मध्यरात्र लावावी. दक्षिणेला ज्येष्ठा चमकत असते. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र ज्येष्ठेजवळ असतो तो ज्येष्ठ, आणि सूर्य मृगापासून निघून सहा महिन्यांनी समोर पोचला की पौर्णिमेचा चंद्र मृगाजवळ येतो आणि महिना मार्गशीर्ष होतो. पाठ केलेली बारा महिन्यांची नावे म्हणजे आकाशाचा नकाशा आहे, हे कळल्यावर वर्गात उमटणारा आवाज ऐकण्यासारखा असतो.

शेवटचे काम भाकिताचे. निवेदकाने १५ डिसेंबर, रात्री आठ, पणजी असे आकाश लावावे. रोहिणी पूर्वेला जवळजवळ चार मुठींवर दिसते. तिची उंची प्रत्येकाने वहीत लिहावी आणि निवेदकाने तारीख येथेच थांबवावी. प्रश्न असा : रात्री आठ वाजता रोहिणी बरोबर डोक्यावर कोणत्या तारखेला येईल? पुढचे आकाश दाखवू नये, असे निवेदकाला आधीच सांगून ठेवावे. उरलेल्या वेळात मुलांना शनीकडे, देवयानी दीर्घिकेकडे खुशाल जाऊ द्यावे. तो आनंदही त्यांच्या हक्काचा आहे.

बाहेर आल्यावर

"मी केलेली तारांगणाची सहल" असा निबंध लिहायला देऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरा कागद देऊन सात मिनिटांत दोन चित्रे मागावीत : पूर्वेला उगवणाऱ्या ताऱ्यांचे मार्ग, आणि उत्तरेचे आकाश ध्रुवताऱ्याच्या उंचीसह. कागदावर गुण घालू नयेत. तीन गठ्ठे करावेत. ज्या मुलांनी ध्रुवतारा अजूनही डोक्यावर काढला, त्यांना छत्री घेऊन पुन्हा बसवावे. ध्रुवतारा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा आहे असे लिहिणारीही काही मुले निघतात. तेजस्वितेत त्याच्यापुढे जवळजवळ पन्नास तारे आहेत, हे त्यांना डिसेंबरात स्वतः पाहू द्यावे.

मग भाकिताचे गणित. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात, म्हणजे ठरावीक वेळी आकाश रोज जवळजवळ एक अंश पुढे गेलेले असते. मधल्या मुलांची सरासरी ३८ अंश आली असेल, तर डोक्यापर्यंत ५२ अंश राहतात, म्हणजे साधारण तेवढेच दिवस. कोणाचे उत्तर ३ फेब्रुवारी येते, कोणाचे १२. सगळ्या तारखा वर्गाच्या भिंतीवर नावानिशी लावाव्यात आणि फेब्रुवारीपर्यंत काढू नयेत. या कामासाठी रोहिणीच निवडण्याचे कारण असे की तिचा मार्ग गोव्याच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. तिची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून उत्तरेकडचे तिचे कोनीय अंतर, सुमारे १६.५ अंश आहे आणि आपला अक्षांश १५.५. व्याध किंवा मृग घेतला तर तारा दक्षिणेकडून जातो आणि हिशेब अवघड होतो.

मधल्या काळात घरच्या प्रश्नांना जागा द्यावी. विनायकी चतुर्थीचा चंद्र संध्याकाळीच पश्चिमेला का असतो, आणि संकष्टीला आईला चंद्रोदयासाठी नऊच्या आसपासपर्यंत का थांबावे लागते, हे चेंडू आणि दिव्याने सोडवून घ्यावे. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या, गावातील मुलाला मानशीची (बांधातून पाणी आत-बाहेर सोडण्याची) दारे आणि भरती-ओहोटी ठाऊक असतात. उधाण अमावास्या-पौर्णिमेलाच का, हा प्रश्न त्याच्याकडूनच वर्गाला विचारून घ्यावा.

खऱ्या आकाशाखाली

किनाऱ्याजवळच्या शाळांनी सूर्यास्ताची नोंद ऑक्टोबरपासून ठेवावी. एकाच जागी उभे राहून, सूर्य पाण्याला टेकला की तेवढ्यापुरते बघून, दूरच्या खुणेपासून त्याचे अंतर मुठींत लिहावे. तळपत्या सूर्याकडे कोणीही पाहू नये. मिरामारहून डिसेंबरात सूर्य दोनापावलच्या अंगाला सरकलेला असतो आणि मेच्या आरंभी आग्वादच्या टेकडीकडे येतो. वर्षभरात मावळण्याची जागा जवळजवळ ४९ अंश, म्हणजे पाच मुठी सरकते. दहावीच्या मुलांना येथे एक विशेष प्रश्न देता येतो. सूर्य उत्तरेकडे परत फिरतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास, हे त्यांच्या स्वतःच्या नोंदी सांगतात. मग मकर संक्रांत १४ जानेवारीला का? पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पुरी करतो, त्यामुळे ७२ वर्षांत एक अंशाचा फरक पडतो, आणि सुमारे १७०० वर्षांपूर्वी या दोन्ही तारखा एकच होत्या. नक्षत्रे शिकवताना राशिभविष्याविषयी विचारले जातेच. सूर्य खरोखर कोठे आहे हे घुमटात व किनाऱ्यावर तपासलेल्या मुलाला त्याचे उत्तर सविस्तर द्यावे लागत नाही.

रोहिणीचे निरीक्षण शाळेच्या पटांगणावरच करावे. १५ डिसेंबरच्या जवळची एक संध्याकाळ आणि त्यानंतर दर पंधरा दिवसांनी एक, एवढे पुरते. मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमतिपत्रे, घरी पोचवण्याची व्यवस्था, आणि शक्य असल्यास पंचायतीला सांगून जवळचा रस्त्यावरचा दिवा तासभर बंद, ही तयारी आठवडाभर आधी करावी. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद लावावा. पणजी, मडगाव किंवा वास्कोतही रोहिणी, मृग आणि व्याध दिसतात. सांगे, काणकोण किंवा वाळपईच्या आतल्या गावांत कृत्तिकांतील सहा तारे मोजता येतात. दुर्बीण लागत नाही. ती हवीच असेल, तर असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी या संस्थेने पणजीत जुन्ता हाऊसच्या गच्चीवरून अनेक वर्षे लोकांना आकाश दाखवले आहे. तिच्या कार्यकर्त्यांशी संपर्क करावा. त्या वर्षी गुरू किंवा मंगळ रोहिणीच्या आसपास असेल तर मुले त्यालाच रोहिणी समजतात, म्हणून शिक्षकाने आदल्या रात्री आकाश स्वतः पाहून ठेवावे.

१५ डिसेंबरला रोहिणी चार मुठींच्या जवळ, ३० डिसेंबरला पाच मुठींच्या किंचित वर. वहीतले आकडे घुमटातल्या आकड्यांशी जुळू लागले की भिंतीवरच्या तारखांपाशी मधल्या सुट्टीत गर्दी होते, आणि ज्याचे भाकीत चुकणार हे दिसू लागते तो आपली घुमटातील नोंद पुन्हा काढून कडेला बसल्यामुळे चूक झाली का हे तपासतो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रोज आठ वाजता पटांगणावर सतरंजी टाकावी आणि मुलांना पाठीवर झोपवावे. काठीला बांधलेला ओळंबा एकाने वर धरावा, दुसऱ्याने दोरीच्या खालच्या टोकाशी डोळा लावून दोरीच्या रेषेत वर बघावे. सात तारखेच्या सुमारास, आमच्याकडे तरी, दोरी जिथे संपते तिथे रोहिणी असते.